ओढणाऱ्याचं माप

अंबडच्या बसस्टँडमागे पत्र्याच्या शेडमध्ये एक मिस्त्री होते. गिऱ्हाईक इंजिन घेऊन आलं की ते इंजिनाकडे बघतच नसत, आधी गिऱ्हाइकाच्या हाताकडे बघत. "इंजिन कुनाचं हाये ते मला नका सांगू. दोरी वढनार कोन, ते सांगा." हा त्यांचा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर मिळेपर्यंत पान्याला हात लावायचा नाही. मालकांना हा प्रश्न अपमानाचा वाटायचा आणि शेजारच्या दुकानदारांना करमणुकीचा. त्यांना सगळे माप मिस्त्री म्हणायचे, तोंडावरही आणि माघारीही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्याकडे मोसंबीच्या बागा वाढत होत्या. झाडांच्या ओळींतून मोठा ट्रॅक्टर घातला की फांद्या मोडतात. त्याच सुमारास कुठल्याशा रोपवाटिकेच्या लिलावात परदेशी बनावटीचे जुनेपुराणे बाग-ट्रॅक्टर निघाले. एक लोखंडी सीट, पुढे एका सिलिंडरचं इंजिन आणि उंची कमरेएवढी. लोक त्याला बोकड म्हणायचे, कारण तो अडायचाही तसाच आणि ढुसण्याही तशाच द्यायचा. चालू करायचा म्हणजे पुढच्या उघड्या पुलीवर हाताने दोरी गुंडाळायची, जीव खाऊन ओढायची, नाही लागला की पुन्हा गुंडाळायची. दहा-दहा वेळा हे चालायचं, आणि सुटलेल्या दोरीचं टोक शेजारी उभ्या असलेल्याच्या तोंडावर बसायचं.

मिस्त्रींनी यावर तोड काढली. जालन्याच्या भंगार बाजारातून ते फवारणीच्या पंपांच्या, जनरेटरच्या जुन्या चक्र्या आणायचे. चक्री म्हणजे ओढली की आपोआप परत आत गुंडाळली जाणारी दोरी. ती बोकडाच्या तोंडावर बसवायची म्हणजे सोपं काम नव्हतं. पुलीच्या जागी दाते कापलेली वाटी, वर जाड पत्र्याची बैठक, चार बोल्ट. एखादं इंजिन उलटं फिरणारं निघालं की चक्रीतली स्प्रिंगची पट्टी सोडवून उलटी भरायची. ती पट्टी हातातून सुटली की सरळ चामडीच कापायची. मिस्त्रींच्या दोन्ही हातांवर अशा पांढऱ्या रेघा होत्या आणि प्रत्येक रेघ कोणत्या गावच्या इंजिनाची, ते त्यांना सांगता यायचं.

पण त्यांची खरी कारागिरी त्याच्याही पुढची होती. शेडसमोर कडुलिंबाचं झाड होतं. त्याच्या फांदीवरून एक दोर टाकलेला, दोराला दगड भरलेलं पोतं. दोरी ओढणाऱ्याने तो दोर एका झटक्यात ओढून दाखवायचा. मिस्त्री बाजूला उकिडवे बसून बघायचे, कोपर कुठपर्यंत जातं, झटका आधी बसतो की शेवटी. मग सुतळीने खांद्यापासून मुठीपर्यंत हात मोजायचे, सुतळीला गाठ मारायचे आणि भिंतीवरच्या खिळ्याला लटकवायचे. ताकदीच्या माणसाला चक्रीत छोटं चाक, जोर जास्त लागतो पण इंजिन जल्दी फिरतं. हलक्या हाताच्या माणसाला मोठं चाक, आणि इंजिनातली ठिणगी जरा उशिरा पडेल अशी मागे घ्यायची. "ठिनगी आधी पडली अन् हात कमी पडला, की इंजिन उलटी लात मारतं. इंजिनाला मालक न्हाई कळत भाऊसाहेब, हात कळतो." जाताना प्रत्येकाला शेवटचं सांगणं एकच: दोरीच्या टोकाची मूठ धरताना अंगठा बाहेर ठेवायचा. अंगठा आत अडकवला की लात बसल्यावर हात सुटत नाही.

एकदा एक मोठे बागायतदार आले. पांढरं धोतर, मागे सालगडी. शेडमध्ये बसायला एकच स्टूल. मिस्त्रींनी ते पुसून पुढे केलं, बागायतदार बसायला वाकले, तर मिस्त्री म्हणाले, "तुमी न्हाई. त्यो." गडी लाजून मागे सरकला. बागायतदारांचा चेहरा तांबडा झाला. मिस्त्रींनी गड्याला दंडाला धरून बसवलं आणि त्याचे तळवे उलटसुलट बघत विचारलं, "डावखोरा हाये का रे बाबा?" होता. मालकाला चार वर्षांत ते माहीत नव्हतं. मालक अर्धा तास उभे राहिले आणि मी समोर चहा पीत पोटभर हसलो.

आमच्याकडे बहुतेक सालगडी पाडव्याला बदलतात. जुन्याचं साल संपतं, नवा लागतो. त्यामुळे पाडवा झाला की मिस्त्रींच्या शेडपुढे बोकडांची रांग लागायची. गडी बदलला की चक्री नव्या मापाची करून घ्यायचीच, हा त्यांचा दंडक होता. कुणी कुरकुर केली तर म्हणायचे, "नव्या जावयाला जुन्या जावयाचा सदरा घालता का?" मंडळी हसायची आणि बैलगाडीतून बोकड उतरवायची. पिऊन हात थरथरणाऱ्या एका पोराला मात्र त्यांनी साफ परत पाठवलं होतं. त्याचा बाप हातापाया पडला तरी ऐकलं नाही.

मी तेव्हा कोर्टाच्या बाहेर टेबल टाकून बसायचो. अर्जनवीस. लोकांचे अर्ज, तक्रारी, जबाब लिहून द्यायचे. दुपारी कोर्ट उठलं की मिस्त्रींकडे जाऊन अर्धा-अर्धा चहा घ्यायचा हे आमचं ठरलेलं. ते टेंभुर्णीकडचे. बाप मेंढरं वळायचा, हे जालन्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिनावर राहून शिकले. माझी थट्टा करायचे. "तुमचा धंदा बरा. बोल्ट ढिला राह्यला तरी कोनाचा हात न्हाई जात." मला ते बोलणं फार आवडायचं. त्यांच्याइतका सरळ माणूस मी पाहिला नाही. आणि त्यांच्याशी जितकं वाकडं मी वागलो तितकं दुसऱ्या कुणाशी वागलो नाही. हे आज लिहितोय कारण दादा गेले, आणि घराची जी अब्रू सांभाळायची म्हणून मी ते केलं ती सांभाळायला आता घरात कुणी राहत नाही.

आमचं घर अंबडजवळच्या एका गावातलं, जुन्या पाटलाचं. शंभर वर्षं घरातल्या बायकांनी शेताची वाट तुडवली नव्हती, निदान आम्ही तसं सांगायचो. थोरले बंधू, दादा, बाग बघायचे. त्यांना दम्याचा त्रास होता. बोकडाची दोरी दोनदा ओढली की खाली बसायचे. गडी ठेवावा तर त्याला कळणार की पाटलाला दोरी ओढवत नाही. माझा दिवस अंबडला कोर्टात जायचा. मग वहिनी पुढे झाल्या. मळ्यातल्या शेडचं दार आतून लावायचं, वहिनींनी पदर खोचून दोरी गुंडाळायची, ओढायची, इंजिन लागलं की बाजूला व्हायचं. मग दार उघडून दादा ताठ मानेने बोकडावर बसून बाहेर यायचे. आख्ख्या गावाला वाटायचं, दादांचा दम काय दांडगा आहे! वहिनी मागच्या वाटेने घरी जाऊन चूल पेटवायच्या. ही गोष्ट आम्हां तिघांनाच माहीत होती.

दोन वर्षं वहिनींनी अशी काढली. त्यांच्या तळहाताला घट्टे पडले तेव्हा मीच म्हणालो, चक्री बसवून आणतो. चांगल्याच बुद्धीने म्हणालो. बोकड गाडीत घालून अंबडला नेला. मिस्त्रींनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"दादा ओढतात," मी म्हणालो.

"मंग आना की त्याहिला."

दादांना आणलं असतं तर त्या लिंबाखाली सगळ्यांसमोर त्यांचा दम निघाला असता. मी म्हणालो, "दादांना आता वेळ नसतो. मीच ओढत असतो सकाळी."

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. "तुमीच?"

"मीच."

"बराबर सांगा भाऊसाहेब. दुसऱ्यानं वढली तं हात जाईल. तुमी उंच, अंगानं दनगट. तुमच्या मापानं केली तं बारीक मानसाला बिलकुल चालनार न्हाई."

"सांगितलं ना, मीच ओढतो म्हणून."

मी पोतं ओढून दाखवलं. एका झटक्यात फांदीला भिडवलं, थोडा रुबाबच केला. मिस्त्रींनी माझा हात मोजला, सुतळीला गाठ मारली. छोटं चाक घातलं, ठिणगी पुढेच ठेवली. आणि जाताना म्हणाले, अंगठा बाहेर. हे सगळं मी घरी येऊन वहिनींना सांगितलं का? चक्री कशी ओढायची ते सांगितलं. अंगठ्याचं राहून गेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी, मी अंबडला निघायच्या आतच, मळ्यातल्या शेडमधून एक ठोका ऐकू आला आणि पाठोपाठ वहिनींची किंकाळी. मी आत गेलो तेव्हा त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. उजवं मनगट भलत्याच दिशेला वळलेलं. ओरडल्या त्या एकदाच. नंतर दातांत पदर धरून बसल्या आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, आधी दार लावा."

अंबडला हाडाच्या डॉक्टरकडे नेलं, प्लास्टर झालं. गोठ्यात पाय घसरला असं मी पहिल्यांदा सांगितलं. पण गावातल्या एकाने इंजिनाचा ठोका आणि किंकाळी दोन्ही ऐकलं होतं आणि तो कोर्टाच्या तारखेला अंबडला येऊन बोलला. बाजाराच्या दिवशी तहसीलसमोरच्या हॉटेलात चार जणांनी मला घेरलं. काय हो, पाटलाच्या सुनेचा हात इंजिनात गेला म्हणे? ती काय करत होती तिथं?

मला एका वाक्याची गरज होती, आणि वाक्यं करण्यातच माझी हयात चालली होती. मी म्हणालो, "मी दोरी ओढत होतो. वहिनी चहा घेऊन आल्या. मिस्त्रीची चक्री, मूठ तुटून उडाली आणि त्यांच्या मनगटावर बसली. कामच कच्चं केलंय त्याने."

ते बोलताना माझा आवाज चांगला लागला होता. लोक माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचे. अर्ज लिहिणारा माणूस उगाच कशाला बोलेल? संध्याकाळपर्यंत बाजारातून परतणाऱ्या प्रत्येक गाडीत माझं वाक्य बसून गेलं.

चार-पाच दिवसांनी मिस्त्री आमच्या मळ्यात आले. फाट्यावर एसटीतून उतरून चालत आले, खांद्याला हत्यारांची पिशवी. नमस्कार केला आणि म्हणाले, "मला माजी चक्री पाह्यची हाये." दादा खाटेवर बसले होते, ते खोकायला लागले. मी नको म्हणणार कसा? शेडमध्ये नेलं. मिस्त्रींनी बैठक बघितली, चारही बोल्ट बोटाने फिरवून बघितले. दोरी पूर्ण बाहेर ओढून वीत-वीत तपासली. मूठ जागच्या जागी होती, तिच्या आतली गाठसुद्धा तशीच.

"मूठ तं जाग्यावर हाये," ते स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले.

तेवढ्यात वहिनी दारात आल्या. पाहुणा आला म्हणून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या होत्या, डाव्या हातात. उजवा गळ्यात बांधलेला. मिस्त्रींनी त्या हाताकडे पाहिलं आणि मग सरळ त्यांना विचारलं. ज्याने काम केलं त्याला विचारावं तसं.

"बाई, अंगठा आत धरल्ता का बाहीर?"

"आत," वहिनी म्हणाल्या.

एवढंच. बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. पण त्यांनी मान खाली घातली नाही. दोन वर्षांत त्यांना त्या कामाबद्दल कुणी पहिल्यांदा काही विचारलं होतं. मिस्त्रींनी तांब्या घेतला, पाणी प्यायले, तांब्या खाली ठेवला.

"आत न्हाई धरायचा," ते हळू म्हणाले. "तुमाला कुनी सांगितलंच न्हाई."

मग त्यांनी पिशवीतून सुतळी काढली आणि वहिनींच्या हातात दिली. परक्या बाईचा हात ते मोजणार नव्हते. "तुमीच मोजा. खांद्यापासून मुठीपर्यंत. डावा मोजला तरी चालंल." वहिनींनी सुतळीचं एक टोक खांद्याशी हनुवटीखाली दाबून धरलं आणि मोजून दिली. मिस्त्री ती घेऊन गेले आणि पुढच्या आठवड्यात परत आले. मोठं चाक घातलं, ठिणगी मागे घेतली, मूठ बारीक केली. आम्ही दोघे भाऊ बाजूला उभे राहून बघत होतो. कुणी बसायला सांगितलं नाही, म्हणून उभेच राहिलो.

काम संपवून ते फाट्याकडे निघाले तेव्हा मी सोबत गेलो. म्हणालो, "मिस्त्री, चुकलं माझं."

ते थांबले. "माज्याशी बोलून काय उपेग? मला तं माहीतच हाये. हॉटेलात बोल्लात, हॉटेलात सांगा. घरच्या बाईचं नाव बिलकुल नका घेऊ. मलाबी घर हाये, समजतं मला. इतकंच सांगा, की मिस्त्रीची चूक न्हाई. पुढं कुनी इचारलं तं गप बसा."

यापेक्षा स्वस्तात कुणी कुणाला सोडलं असेल असं मला वाटत नाही. मी हो म्हणालो. येत्या बाजारी सांगतो म्हणालो.

त्या बाजारी मी हॉटेलात गेलो. तीच माणसं होती. तोंड उघडलं आणि मनात आलं, मिस्त्रीची चूक नाही म्हटल्यावर हे विचारणार, मग कुणाची? आणि मी गप्प बसलो तर उत्तर आपोआप मिळेल. मी चहा पिऊन उठलो. पुढच्या बाजारी सांगू म्हटलं. पुढच्या बाजारी दादांना सोसायटीवर घ्यायची बोलणी चालू होती. त्याच्या पुढच्या बाजारी मी दुसऱ्या हॉटेलात चहा प्यायलो. लाजेची अशी सवय होते की काही दिवसांनी तिला लाज म्हणावंसंही वाटत नाही.

मिस्त्रींकडची रांग आटली. लोकांनी बसवलेल्या चक्र्या काढून टाकल्या आणि पुन्हा उघड्या पुलीवर दोऱ्या गुंडाळायला सुरुवात केली. राजूरकडचा एक शेतकरी बोकड घेऊन निघाला होता, त्याला वाटेत कुणीतरी माझं वाक्य ऐकवलं आणि तो परत फिरला. हे त्याने स्वतः मला सांगितलं, तेही माझे आभार मानत! "बरं झालं भाऊसाहेब, तुमी बोल्लात म्हनून आमचा हात वाचला." त्या पाडव्याला शेडपुढे एकही बोकड नव्हता. मिस्त्री स्टुलावर बसून होते. मी बसस्टँडच्या पलीकडच्या बाजूने गेलो. दुपारचा चहा तर कधीच थांबला होता, आणि तो मी थांबवला होता, त्यांनी नाही.

वहिनींचं मनगट वाकडंच बसलं. तरी नव्या चक्रीवर त्यांनी बारा-तेरा वर्षं बोकड चालू केला, पहिल्या नाहीतर दुसऱ्या झटक्यात. पुढे दादांचा दमा वाढला तेव्हा दार लावायचंही सोडून दिलं. सगळ्या गावाने पाहिलं. कुणी काही म्हणालं नाही. चार दिवस बोलले आणि विसरले. ज्या गोष्टीसाठी मी एका माणसाचं नाव मातीत घातलं, तिची किंमत चार दिवसांच्या गप्पांएवढी होती. त्या सुमारास वहिनी मला एकदा म्हणाल्या, "भाऊजी, मला काई वाटलं नसतं. तुमी सांगायचं व्हतं." मी म्हणालो, घराच्या नावासाठी केलं. त्या म्हणाल्या, "घराचं नाव माज्या हातावर व्हतं. मला तं इचारलं न्हाई कुनी." आणि उठून बागेत गेल्या. त्यानंतर हा विषय आमच्यात निघाला नाही.

मिस्त्रींची आणि माझी शेवटची भेट त्याच्या बरीच आधी झाली, त्या सुन्या पाडव्याच्या पुढच्या वर्षी. कोर्टाची वेळ होती, टेबलापुढे दोघे-तिघे उभे होते. मिस्त्री आले आणि रांगेत उभे राहिले. त्यांची पाळी आली तेव्हा समोर बसले.

"लाइटच्या ऑफिसात अर्ज द्यायचा हाये. दुकानाचं मीटर काढून न्या म्हनून. जालन्याला पोरीकडं चाल्लो राह्यला."

अंबडमध्ये अर्ज लिहिणारे आम्ही चौघे होतो. ते माझ्याकडे आले होते. मी कागद घेतला, तारीख घातली, विषय लिहिला. त्यांचं पूर्ण नाव विचारून घेतलं. इतक्या वर्षांत ते मला माहीत नव्हतं. मग एक जागा आली, तिथे दुकान बंद करण्याचं कारण लिहावं लागतं.

"कारण काय लिहू?" मी विचारलं. मान वर केली नाही.

"तुमाला माहीत हाये ते लिहा."

मागे उभे असलेले ऐकत होते. त्यातला एक हॉटेलातल्या त्या चौघांपैकी होता. कुणी मला काही विचारलं नव्हतं, कुणी घेरलं नव्हतं. लेखणी माझ्या हातात होती, आणि खरं लिहायला दोन ओळी पुरल्या असत्या. मी लिहिलं, 'घरगुती अडचणीमुळे दुकान बंद करीत आहे.' अशा अर्जांत असंच लिहितात.

मिस्त्रींनी कागद घेतला. चष्मा लावून सगळा वाचला, एकेका ओळीवर बोट ठेवून. त्या ओळीवर बोट थांबलं.

"कोनाच्या घरची, ते न्हाई लिहिलं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. त्यांनी खाली सही केली, कागदाची घडी घातली, चष्मा खिशात ठेवला आणि लाइटच्या ऑफिसच्या दिशेने चालायला लागले.

ते फाटकापर्यंत जाईतो मला दिसत होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, आणि ते थांबले असते, मला माहीत आहे. मागचा माणूस पुढे सरकून बसला आणि त्याच्या बांधाचं भांडण सांगायला लागला. मी कोरा कागद पुढे घेतला आणि त्याला त्याचं नाव विचारलं.